परक्या एंजिनावर कारखान्याचा संगणक : जीपच्या एका प्रकरणाचा इतिहास

१

यंत्रविद्येच्या इतिहासात शोधाला जे स्थान मिळते ते रूपांतराला सहसा मिळत नाही. एखादे यंत्र प्रथम कोणी घडविले, त्याचे एकस्व कोणाच्या नावावर नोंदले गेले, ते बाजारात केव्हा आले, ह्या गोष्टी ग्रंथांतून नमूद होतात. परंतु तेच यंत्र पुढे भलत्याच लोकांनी भलत्याच कामी कसे जुंपले, ह्याची नोंद ठेवण्याची फारशी कोणास आवश्यकता वाटत नाही. वस्तुतः यंत्राच्या रचनेत सार्वत्रिक भाग कोणता आणि केवळ एका ठिकाणापुरता मर्यादित असा भाग कोणता, हे मूळ निर्मितीच्या अभ्यासापेक्षा रूपांतराच्या अभ्यासाने अधिक स्पष्ट होते.

मोटारगाडीच्या एंजिनाचे नियमन करणारा संगणक हे ह्याचे चांगले उदाहरण होय. एका कंपनीने आपल्या एंजिनासाठी सिद्ध केलेला संगणक दुसऱ्याच कंपनीच्या गाडीवर बसविण्याचा उद्योग अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस रूढ होऊ लागला व पुढील दशकात तो बराच वाढला. प्रस्तुत लेखात त्यांपैकी एकाच प्रकरणाचा विचार करावयाचा आहे. जनरल मोटर्स कंपनीच्या हलक्या ट्रकांतील संगणक जीप गाडीच्या ४.२ लिटर क्षमतेच्या एंजिनावर कसा बसविला गेला, हे ते प्रकरण. हा उद्योग वरवर पाहता पान्याचा आणि तारांचा दिसतो. तथापि त्यातील अवघड भाग वाचनाचा होता. संगणकाच्या स्मृतीत लिहिलेले वाचता आले म्हणूनच हे रूपांतर साधले. म्हणून ज्याचे यंत्र त्याला यंत्रातील लेखन वाचता यावे की नाही, हा प्रश्नही ह्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

२

एंजिनाला इंधन मोजून देण्याचे काम विजेकडे सोपविण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीने केला. तिची ‘इलेक्ट्रोजेक्टर’ ही योजना १९५७ साली जाहीर झाली आणि १९५८ च्या क्रायस्लर कंपनीच्या मोजक्या गाड्यांवर ती बसविण्यात आली. त्या काळचे विद्युत्‌घटक उष्णता व धक्के सोसण्याइतके भरवशाचे नव्हते. परिणामी त्यांतील बहुतेक गाड्यांवर पुन्हा कार्बुरेटर चढविण्याची पाळी आली. बेंडिक्सच्या एकस्वांचा लाभ पुढे जर्मनीतील बॉश कंपनीस झाला आणि १९६७ साली फोक्सवागेन १६०० ह्या गाडीवर बॉशची ‘डी-जेट्रॉनिक’ पद्धती आली. तिच्यात शोषणनलिकेतील दाब मोजून त्यावरून इंधनाचे प्रमाण ठरविले जाई.

ही सोय केवळ सुधारणेच्या हौसेने पसरली असती तर तिला बराच काळ लागला असता. तिच्या प्रसाराचे खरे कारण कायदा हे होय. अमेरिकेत १९७० साली हवाशुद्धतेचा कायदा दुरुस्त होऊन धुरातील घातक वायूंवर कडक मर्यादा आल्या. १९७५ च्या गाड्यांपासून धूरनळीत उत्प्रेरक बसविण्यास आरंभ झाला. पुढे एकाच उत्प्रेरकाकडून तिन्ही प्रकारच्या घातक वायूंचे निवारण करून घेण्याची युक्ती निघाली. परंतु तीत हवा व पेट्रोल ह्यांचे वजनी प्रमाण १४.७ ला १ ह्याच्या अगदी लगत ठेवावे लागे. एवढी काटेकोर मोजणी कार्बुरेटरच्या आवाक्याबाहेरची होती. तेव्हा धूरनळीत प्राणवायूचा संवेदक बसवून त्याच्या साक्षीने इंधन क्षणोक्षणी कमीजास्त करण्याची पद्धती आली. व्होल्व्हो कंपनीने १९७७ च्या आपल्या कॅलिफोर्नियातील गाड्यांवर ती प्रथम आणली. १९८१ साली तर जनरल मोटर्सने अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आपल्या पेट्रोलवरील सर्व प्रवासी गाड्यांत संगणक घातला. अशा रीतीने कायद्याच्या रेट्याने लक्षावधी संगणक रस्त्यावर आले, आणि काही वर्षांतच ते भंगाराच्या आवारांतही दिसू लागले. रूपांतराच्या इतिहासाला येथून प्रारंभ होतो.

३

जीप हे नाव मराठी वाचकास नवे नाही. अमेरिकेत सीजे मालिकेतील जीप आणि १९८७ पासून निघालेली रँगलर ह्या गाड्यांत १९९० पर्यंत ४.२ लिटरचे, म्हणजे २५८ घनइंचांचे, सहा सिलिंडर एका रांगेत असलेले एंजिन मिळत असे. अमेरिकन मोटर्स कंपनीने १९७१ साली काढलेले हे एंजिन दणकट होते; त्याचा कार्बुरेटर मात्र नाजूक होता. जीप ही डोंगरकपारीत नेण्याची गाडी. तीव्र चढावर किंवा आडव्या उतारावर गाडी कलली, की कार्बुरेटरच्या वाटीतील पेट्रोल एका बाजूस सरके. मग कधी पेट्रोल नको तितके एंजिनात उतरे, तर कधी ते अजिबात न मिळाल्याने एंजिन ऐन कड्यावर बंद पडे. पिचकारीने इंधन देणाऱ्या पद्धतीत अशी वाटीच नसल्याने हा दोष संभवत नाही. जीपधारकांना संगणकाची गरज भासली ती ह्या साध्या अडचणीतून.

जनरल मोटर्सच्या हलक्या ट्रकांत १९८७ पासून थ्रॉटलच्या तोंडाशीच दोन पिचकाऱ्या बसविण्याची पद्धती सर्रास आली होती. तिच्यात पेट्रोलचा दाब अल्प असे. आकाराने हा भाग कार्बुरेटरसारखाच असल्याने मध्ये एक जोडपट्टी घातली की तो जीपच्या शोषणनलिकेवर बसे. ह्या ट्रकांत अनेक एंजिने असत, त्यांतील ४.३ लिटरचे सहा सिलिंडरांचे एंजिन २६२ घनइंचांचे होते. २५८ आणि २६२ ह्यांतील अंतर शेकडा दोनाहूनही कमी. शिवाय सिलिंडरांची रचना एकात सरळ रांगेत व दुसऱ्यात इंग्रजी ‘व्ही’ अक्षराप्रमाणे असली, तरी दोहोंत क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यास समान अंतराने तीन ठिणग्या पडतात. संगणकाच्या दृष्टीने हे साम्य फार मोलाचे होते. एंजिनाच्या गतीची त्याला होणारी जाणीव ही ह्या ठोक्यांच्या मोजणीवरूनच होते.

४

हे साम्य कोठवर उपयोगी पडते व कोठे संपते, हे समजण्यासाठी संगणकाच्या आत काय असते ते पाहणे अवश्य आहे. त्याच्या स्मृतीचे स्थूलमानाने दोन भाग पडतात. एक भाग आज्ञावलीचा. काय मोजावे, कशाने गुणावे, निष्कर्ष कोठे पाठवावा, हे त्यात सांगितलेले असते. दुसरा भाग अंकांच्या कोष्टकांचा. आज्ञावली एकच असली तरी ट्रक, एंजिन व गिअरपेटी ह्यांच्या भेदाप्रमाणे कोष्टके निरनिराळी असतात. भाषेतील व्याकरण आणि शब्दकोश ह्यांच्यासारखाच हा भेद होय.

व्याकरणाचा भाग पुष्कळसा सार्वत्रिक आहे, कारण तो पदार्थविज्ञानावर आधारलेला आहे. शोषणनलिकेतील दाब व उष्णतामान कळले की वायूंच्या सर्वपरिचित नियमावरून तेथील हवेची घनता काढता येते. सिलिंडरचे आकारमान ठाऊक असल्यास एका खेपेस किती हवा आत जाईल ते कळते, आणि पिचकारीतून एका सेकंदात किती पेट्रोल सुटते हे माहीत असल्यास ती किती काळ उघडी ठेवावी ह्याचे उत्तर मिळते. हे गणित ट्रकला लागू आहे तसेच जीपलाही आहे.

परंतु कोणतेही एंजिन गणिताने सांगितलेली सगळी हवा आत घेत नाही. झडपांचा आकार, त्यांच्या उघडझापीची वेळ, नलिकांची लांबी, ह्या साऱ्यांमुळे प्रत्येक गतीस व प्रत्येक दाबास सिलिंडर कमीअधिक भरतो. ह्या भरणाचे शेकडा प्रमाण सूत्राने नेमके सांगता येत नाही. ते मोजूनच काढावे लागते व कोष्टकात लिहावे लागते. हे कोष्टक त्या त्या एंजिनाचे निजी असते. ट्रकच्या एंजिनात सिलिंडरचा व्यास १०१.६ मिलिमीटर व दट्ट्याची धाव ८८.४ मिलिमीटर, जीपच्या एंजिनात व्यास ९५.२५ व धाव ९८.९. म्हणजे आकारमान जवळजवळ सारखे असूनही एक रुंद व आखूड, तर दुसरे अरुंद व लांब. जीपच्या लांबलचक शोषणनलिकेच्या मधोमध पेट्रोल सोडल्यावर ते टोकांच्या सिलिंडरांपर्यंत सारखे पोहोचत नाही, ही अडचण वेगळीच.

ठिणगीच्या बाबतीत तर परकेपणा अधिकच जाणवतो. ठिणगी किती अंश आधी पडावी हे ज्वलनकक्षाच्या घडणीवर अवलंबून असते. ती अवेळी पडल्यास सिलिंडरात ‘नॉक’ नावाने ओळखला जाणारा घातक ठोका उद्भवतो. ह्या ठोक्याचा सूर ओळखणारा संवेदक ट्रकच्या एंजिनावर असतो. पण हा सूर सिलिंडरच्या व्यासाप्रमाणे बदलतो. दोन्ही एंजिनांत तो सेकंदास सहा हजार कंपनांच्या आसपास असला तरी रुंद सिलिंडरात काहीसा खालचा व अरुंद सिलिंडरात काहीसा वरचा लागतो. ट्रकच्या सुरास सरावलेल्या यंत्रणेस जीपचा ठोका बरोबर ऐकू येईलच असे नाही. ह्यामुळे अनेकांनी ठिणगीचे काम जीपच्या जुन्या डिस्ट्रिब्यूटरकडेच ठेवले. कॉइलच्या तारेवरील ठोके तेवढे गती मोजण्यासाठी संगणकास दिले, आणि त्याच्याकडून फक्त इंधनाचे काम करून घेतले. ही तडजोड अर्धवट असली तरी सुज्ञपणाची होती.

५

संगणक बसविल्यावर पुढील प्रश्न कोष्टके दुरुस्त करण्याचा होता. येथे मूळ रचनाकारांनी आपल्या सोयीसाठी ठेवलेली एक गोष्ट रूपांतरकारांच्या उपयोगी पडली. प्राणवायूच्या संवेदकाच्या साक्षीवरून संगणक इंधनात जी दुरुस्ती करीत असे ती तो एका अंकाच्या रूपाने स्मरणात ठेवी. १२८ हा मध्य. अंक त्याहून मोठा झाल्यास कोष्टकातील इंधन अपुरे पडत आहे, लहान झाल्यास ते अधिक होत आहे, असा अर्थ. हा अंक कारखान्यात व दुरुस्तीशाळेत तपासणी करता यावी म्हणून ठेवलेल्या जोडणीवर सेकंदास १६० द्विमान अंक इतक्या मंद गतीने बाहेर येत असे. त्या जोडणीस घरगुती संगणक लावून गाडी चालविली, की कोणत्या गतीस व कोणत्या दाबास दुरुस्ती किती झाली ह्याची यादी तयार होई. समजा, एका घरात भरणाचा अंक ६० आहे व तेथे दुरुस्तीचा अंक १४० दिसतो. १४० भागिले १२८ म्हणजे सुमारे १.०९, अर्थात् त्या घरातील ६० च्या जागी सुमारे ६५.६ लिहावयास हवेत. असे घराघराने करीत गेल्यास ट्रकचे कोष्टक हळूहळू जीपचे होत जाते.

ह्या साक्षीला मर्यादाही होती. संवेदक फक्त १४.७ च्या अलीकडे की पलीकडे एवढेच सांगतो. किती अलीकडे अथवा किती पलीकडे ते सांगत नाही. पूर्ण जोर लावल्यावर संगणक त्याची साक्ष घेणेच थांबवितो आणि कोष्टकावर विसंबून अधिक इंधन देतो. तेथे कोष्टक चुकले तर सावध करणारे कोणी नाही. इंधन कमी पडून ज्वलनकक्ष अतितप्त झाल्यास दट्ट्या वितळण्यापर्यंत मजल जाते. सारांश, ज्या स्थितीत यंत्रावर ताण सर्वाधिक, नेमक्या त्याच स्थितीत यंत्राकडून मिळणारी माहिती सर्वांत कमी, असा हा प्रकार होता.

६

कोष्टकातील अंक बदलावयाचे म्हणजे ते स्मृतीत कोठे आहेत हे आधी कळले पाहिजे. कारखान्याने हे कोणास सांगितले नव्हते. मात्र ट्रकच्या संगणकातील स्मरणचिप खाचेत बसविलेली असून ती काढता येत असे. तिची क्षमता अवघी ४ किलोबाइट. अतिनील किरणांनी तिच्यावरील लेखन पुसून नवे लिहिता येई. एकाच जातीचा संगणक अनेक गाड्यांत वापरून केवळ चिप बदलावी, ही कंपनीची सोय. तीच पुढे बाहेरच्या अभ्यासकांना प्रवेशद्वार ठरली.

चिप वाचून हाती येई ती नुसत्या अंकांची रास. तिचा अर्थ लावण्याची रीत ही अज्ञात लिपीतील लेखांच्या वाचनाच्या रीतीहून फारशी भिन्न नाही. दोन निरनिराळ्या ट्रकांच्या चिपा शेजारी ठेवून कोणते अंक जुळतात व कोणते बदलतात ते पाहावयाचे. बदलणारे अंक बहुधा कोष्टकातील असणार. एखाद्या ठिकाणी संख्या क्रमाने चढत जाऊन पुन्हा उतरत असतील, तर ते गतीप्रमाणे बदलणाऱ्या भरणाचे कोष्टक असण्याचा संभव. मग जोडणीवर बाहेर येणारी माहिती आणि आज्ञावलीचा उलगडा ह्यांच्या आधारे अनुमान पडताळून पाहावयाचे. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेतील हौशी अभ्यासकांनी ह्या पद्धतीने जनरल मोटर्सच्या अनेक संगणकांचे लेखन उलगडले, प्रत्येक कोष्टकाला नाव दिले आणि आपले टिपण इतरांना खुले केले. कंपनीची अंतर्गत नावे पुष्कळदा अज्ञातच राहिली. तथापि अभ्यासकांनी दिलेली नावे रूढ झाली, आणि नावे रूढ झाल्यावर परस्परांशी चर्चा करणे, चूक दाखविणे व सुधारणे शक्य झाले. सामायिक परिभाषा निर्माण झाल्याखेरीज कोणतीही विद्या व्यक्तीकडून समूहाकडे जात नाही, ह्याचा हा अलीकडचा पुरावा म्हणता येईल.

जेथे मूळ लेखकच रूपांतरकार असतो तेथे ह्या खटाटोपाची गरज पडत नाही, हेही येथे नमूद करावयास हवे. १९८६ साली इंग्लंडमधील लोटस कंपनी जनरल मोटर्सच्या ताब्यात गेली आणि १९८९ च्या लोटस एस्प्री एसई गाडीच्या २.२ लिटर टर्बो एंजिनावर जनरल मोटर्सच्याच डेल्को शाखेची इंधनयोजना आली. संगणक तेथेही परक्या एंजिनावर गेला. परंतु त्याचे लेखन जाणणारे लोक त्याच्यासोबत होते. जीपधारकांच्या हाती यंत्र आले, त्याचा ग्रंथ आला नाही. दोन प्रकरणांत फरक काय तो इतकाच.

७

वाचनाची ही सोय फार काळ टिकली नाही. १९९४ च्या सुमारास काढता येणाऱ्या चिपेऐवजी जागच्या जागी विद्युत्‌मार्गाने पुन्हा लिहिता येणारी स्मृती जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत आली, आणि १९९६ च्या गाड्यांपासून तपासणीची एकसारखी पद्धती अमेरिकेत सक्तीची झाली. नव्या स्मृतीत शिरण्यासाठी सांकेतिक किल्ली लागे. १९९८ सालच्या डिजिटल स्वामित्वहक्काच्या कायद्याने असे कुलूप परवानगीवाचून उघडणे हाच अपराध ठरला. गाडी मालकीची, पण तिच्यातील लेखन वाचण्याचा अधिकार संदिग्ध, अशी विलक्षण स्थिती त्यामुळे उत्पन्न झाली. २०१५ साली अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथपालांनी निदान, दुरुस्ती आणि कायदेशीर फेरफार ह्यांसाठी वाहनधारकास ह्या बंदीतून सूट दिली. ती वर्षभराने अंमलात आली. २०१८ साली मालकाच्या वतीने काम करणाऱ्या दुरुस्तीकारांचाही तीत विचार झाला.

ह्या सवलतीला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे निखालस निराधार नव्हते. हवा ही कोणा एकाची मालमत्ता नव्हे. कोष्टकातला एक अंक बदलून धूर वाढविता येतो, आणि तो धूर शेजाऱ्यालाही घ्यावा लागतो. म्हणूनच १९९० च्या दुरुस्तीने धूरनियंत्रक साधनांशी छेडछाड करण्याची मनाई खाजगी व्यक्तींसही लागू झाली, आणि २०१५ ची सूटही त्या कायद्यातून कोणास मुक्त करीत नाही. कॅलिफोर्नियात तर असा बदल धुराच्या दृष्टीने निर्दोष असल्याचे तपासून मान्य करून घ्यावा लागतो. कार्बुरेटर काढून संवेदकयुक्त संगणक बसविलेली जीप पूर्वीपेक्षा स्वच्छ चालू शकते. परंतु ‘शकते’ आणि ‘चालते’ ह्यांत मोजणीचे अंतर आहे.

तथापि ह्याच वर्षी, १८ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेच्या पर्यावरणसंरक्षण विभागाने फोक्सवागेन कंपनीवर नोटीस बजावली. कंपनीच्या डिझेल गाड्यांतील आज्ञावली परीक्षा चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर मर्यादेत ठेवी आणि रस्त्यावर ती मर्यादा सोडून देई. म्हणजे लेखन कुलूपबंद ठेवल्याने हवेचे रक्षण झाले नाही. उलट अपराध लपला. तो उघडकीस आला तो चालत्या गाडीचा धूर स्वतंत्रपणे मोजणाऱ्या संशोधकांच्या परिश्रमांनी. परक्याच्या हाती लेखन गेल्यास त्याचा दुरुपयोग होईल हे भय खरे; परंतु केवळ लेखकाच्याच हाती ते ठेवल्यास दुरुपयोग टळतो, हे गृहीत त्या घटनेनंतर टिकण्यासारखे नाही.

८

वरील विवेचनावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा, की यंत्रनियमनाच्या विद्येत सार्वत्रिक व स्थानिक ह्यांची सीमारेषा अगोदर आखता येत नाही; यंत्र आपल्या मूळ घरातून हलविल्यावरच ती दिसू लागते. २५८ आणि २६२ ह्या आकड्यांतील सामीप्याने जीपधारकांना आशा दिली. व्यास, धाव आणि ज्वलनकक्ष ह्यांनी त्या आशेची मर्यादा दाखविली. दुसरा निष्कर्ष अधिक व्यापक आहे. ज्या समाजात वाहनांपासून वैद्यकीय उपकरणांपर्यंत सर्वत्र यंत्रांच्या पोटात लेखन साठलेले आहे, त्या समाजात साक्षरतेचा अर्थ कागदावरील अक्षरांपुरता राखून चालणार नाही. ४ किलोबाइटांची चिप वाचू पाहणाऱ्या हौशी मंडळींचा हेतू डोंगर चढताना एंजिन बंद पडू नये, एवढाच होता. त्यांनी मागे ठेवलेली कोष्टकांची नावे, उलगडलेल्या आज्ञावली आणि दुरुस्तीच्या रीती हे यंत्रलेखनाच्या वाचनाचे आरंभीचे साहित्य होय. विद्यापीठीय अभ्यासाने त्याची दखल घेऊन ते वेळीच जतन करणे अगत्याचे आहे. कारण चिपेवरील लेखन कालांतराने पुसट होते, आणि ते वाचणारी पिढीही कायम राहत नाही.